दहावीची बोर्डाची परीक्षा बंद करावी का?

शेवटचा_बाक (धागाकर्ती)

"दहावीचा बोर्ड एकदाचा बंद करा" हे वाक्य आता पालकसभेत ऐकू येतं, स्टाफरूममध्येही ऐकू येतं. नव्या शैक्षणिक धोरणानं दहावीचा बोर्ड काढून टाकला, असा एक मेसेज २०२० पासून फिरतोय. दरवर्षी कुणीतरी पालक तो मला दाखवतात आणि मग आमच्या मुलानं अभ्यास कशाचा करायचा, असं विचारतात. धोरणात तसं काही नाही. बोर्डाच्या परीक्षा राहतील, मात्र त्यांचा ताण कमी करावा आणि मुलांना त्या वर्षातून दोनदा देता याव्यात, असं त्यात म्हटलंय.

मी गणित शिकवते आणि बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. परीक्षा राहिली पाहिजे. तिच्यावर मारलेला पास-नापासचा एकगठ्ठा शिक्का गेला पाहिजे.

पेपर तपासताना समोर काय येतं ते सांगते. गठ्ठ्यातल्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, शाळेचं नाव नसतं. भूमितीचा पेपर उघडला की एखाद्या प्रमेयाखाली आकृती पट्टीनं नीट काढलेली असते. पक्ष लिहिलेला असतो, साध्य लिहिलेलं असतं, दोन त्रिकोण समरूप आहेत इथपर्यंत पोरगं बरोबर आलेलं असतं. आणि पुढे कारण लिहायच्या जागी कंस उघडून तसाच सोडलेला असतो. उत्तरसूचीप्रमाणे मी त्याला पायऱ्यांचे गुण देते. हा कुठल्या वस्तीतला, याचे वडील काय करतात, वर्गात दंगा करतो का, फी थकलीय का, यातलं मला काहीही माहीत नसतं. माझ्यावर नियामक असतात, ते माझ्या गठ्ठ्यातले काही पेपर काढून पुन्हा बघतात. ज्या मुलाच्या पाठीशी कुणी नाही, त्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. अख्ख्या शालेय आयुष्यात त्याला कुणीतरी त्याचं आडनाव न बघता गुण दिले, असं बहुधा पहिल्यांदाच घडत असतं.

आता शाळेच्या हातातले गुण बघा. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे अंतर्गत गुणांचा तक्ता भरायच्या दिवशी वरून निरोप यायचा, वीसपैकी अठराच्या खाली कुणाला जाऊ देऊ नका. तोंडी परीक्षा झाली की नाही हा प्रश्न वेगळाच. ज्याला स्वतःचं पुस्तकही धड वाचता येत नाही त्याला अठरा, आणि जी मुलगी वर्गात उभी राहून उतारा समजावून सांगते तिला एकोणीस. पास व्हायला पस्तीस लागतात. अठरा शाळेनं दिले की ऐंशीच्या लेखी पेपरात सतरा पुरतात.

हे फक्त एका शाळेत होतं असं समजू नका. राज्याचे निकाल बघा. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, २०२०ला ते गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के. आणि २०२१ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, सगळं मूल्यमापन शाळांनी केलं, तेव्हा ९९.९५ टक्के. परीक्षा नसेल तर काय होईल याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही, आपण ते एकदा करून बघितलंय.

तरीही आहे तशीच परीक्षा ठेवा असं मी म्हणत नाही. कोठारी आयोगानं १९६६च्या अहवालात सांगितलं होतं की बोर्डाच्या प्रमाणपत्रावर विषयवार कामगिरी लिहावी, पूर्ण परीक्षेत पास किंवा नापास असा शेरा लिहूच नये. मुलाला एखादा विषय पुन्हा देऊन आपली कामगिरी सुधारता यावी. शाळेनं स्वतःच्या नोंदींचं वेगळं प्रमाणपत्र सोबत द्यावं. साठ वर्षं होत आली. यातली शेऱ्याबद्दलची शिफारस आपण पूर्णपणे अमलात आणली असती, तर आज "बोर्ड बंद करा" म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्या बाजूला असते.

तुमची मतं लिहा. शिक्षकांची हवीतच, पण ज्यांनी ही परीक्षा अलीकडे दिली आहे त्यांची जास्त हवीत.

---

पाटीपेन्सिल

धागा चांगला आहे, पण माझा विरोध नोंदवते. बंदच करावी या मताची मी आहे.

तुम्ही पेपर तपासणाऱ्याच्या खुर्चीतून बघताय. मी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना शिकवते, मला निकालाचा दिवस दिसतो. आमच्याकडे एक मुलगी होती. मराठी छान, इतिहास तोंडपाठ, धाकट्या भावाचा अभ्यास तीच घ्यायची. गणितात गेली. तेवढा एकच विषय. आईनं "नापास" हा शब्द ऐकला आणि घरात त्याच रात्री ठरलं. दिवाळीनंतर लग्न झालं. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, बोर्डानंच सांगितलं ना की हिला जमत नाही?

तुमच्या निनावी उत्तरपत्रिकेनं तिला न्याय दिला असेल. पण त्या न्यायाची किंमत तिनं आयुष्यानं मोजली.

आणि बाहेरचा परीक्षक तटस्थ असतो हे मान्य केलं, तरी त्याच्यासमोर येणारी मुलं कुठे सारखी असतात? एकाला आठवीपासून क्लास, सराव परीक्षांचे गठ्ठे, घरी स्वतंत्र खोली. दुसरीला पाणी भरून, भावाला सांभाळून रात्री दहानंतर वही उघडायला मिळते. दोघांना एकच पेपर दिला म्हणजे समता झाली असं मी मानत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत बोर्डाच्या परीक्षेपासून मुलांना मोकळं ठेवलं, ते बरोबरच केलं. मग नववी-दहावी अशा दोनच वर्षांत त्यांना थेट या सुरीखाली का उभं करायचं?

---

आकडेमोड

मूळ लेखातल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट. २०१९ला दहावीची पुस्तकंही नवी होती, तो अभ्यासक्रम २०१८-१९लाच आला. त्यामुळे निकाल बारा टक्क्यांनी घसरला त्याचं सगळं श्रेय किंवा अपश्रेय अंतर्गत गुणांना देता येणार नाही. नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी निकाल थोडा खाली येतोच.

---

शेवटचा_बाक

@आकडेमोड, नवी पुस्तकं होती हे खरंच. पण २०२०ला तीच पुस्तकं होती, तेच शिक्षक होते. बदलले ते अंतर्गत गुण, आणि निकाल अठरा टक्क्यांनी वर गेला. लॉकडाऊनमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीनं गुण दिले गेले, तो भाग वजा केला तरी उडी मोठीच राहते.

@पाटीपेन्सिल, तुमच्या प्रतिसादाला नीट उत्तर द्यायचंय, रात्री लिहिते.

---

बॅच_एकवीस

अलीकडे परीक्षा दिलेल्यांनी लिहावं म्हटलंय म्हणून लिहितोय. मी अलीकडचाच, पण मी परीक्षा दिलेली नाही. आम्ही २०२१ची दहावी.

आम्हाला नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या शाळेच्या लेखी कामावरून ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं करून मार्क दिले. मी नववीत आजारी होतो, दोन महिने शाळेत नव्हतो. नववी म्हणजे वरच्या वर्गात गेलो की झालं, असंच तेव्हा घरातही सगळे म्हणाले. दहावीला मी जीव तोडून अभ्यास केला, सकाळी चार वाजता उठून. जून उजाडला आणि कळलं की माझे निम्मे गुण मागच्या वर्षीच ठरून गेलेत.

मग अकरावीसाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, होणार असं जाहीर झालं. मला केवढा आनंद झाला ते सांगता येत नाही. पुन्हा पुस्तकं काढली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं ती सीईटीही रद्द केली. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, कोविडमध्ये लाखो मुलांना केंद्रांवर बोलावणं धोक्याचं होतंच. पण माझ्यापुरतं बोलायचं तर मला काय येतं ते दाखवायची संधीच कुणी दिली नाही.

आमच्याच वर्गात काही मुलांना पंचाण्णवच्या वर मिळाले, ते कसे मिळाले हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आणि ज्यांना खरंच तेवढे मिळाले असते त्यांच्याकडेही लोक संशयानंच बघायचे. "कोविड बॅच का, मग काय!" हे मी अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत ऐकलं, बारावीत ऐकलं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतही ऐकलं.

त्यामुळे परीक्षा बंद करा असं कुणी म्हटलं की मला राग येतो. परीक्षेचा ताण मला माहीत आहे. परीक्षा नसण्याचा ताणही माहीत आहे, आणि त्यातून सुटायला पुरवणी परीक्षासुद्धा नसते.

---

रानफूल

@बॅच_एकवीस, अगदी मनापासून लिहिलंत. ही बाजू आमच्या कधी डोक्यातच आली नव्हती.

---

सतरा_नंबर

मी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी झाले. आठवीत शाळा सुटली होती. लग्नानंतर, मुलगा पहिलीत गेला तेव्हा पुन्हा पुस्तक हातात घेतलं. दिवसा शिवणकाम, रात्री अभ्यास. ज्या केंद्रावर नंबर आला तिथे माझ्या पुढच्या बाकावर पंधरा वर्षांची मुलगी आणि मागे माझ्याहून मोठा एक रिक्षावाला. पर्यवेक्षक बाईंनी हॉलतिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता उत्तरपत्रिका समोर ठेवली. मला तेवढंच हवं होतं.

शाळेनं मूल्यमापन करावं म्हणता, तर माझ्यासारखीचं कोण करणार? मला शाळाच नव्हती. माझी हजेरी नाही, प्रकल्प वही नाही, मला ओळखणारे सर नाहीत. बोर्डाच्या परीक्षेनं मला विचारलं की या प्रश्नांची उत्तरं येतात का. आली, म्हणून पास झाले.

त्या कागदावर पुढे काय काय झालं तेही सांगते. मी आयटीआयला ड्रेस मेकिंगला प्रवेश घेतला, तो दहावीच्या गुणांवर. आमच्या गावातली एक मुलगी ग्रामीण डाक सेवक झाली, तिची निवडही दहावीच्या गुणांवरच झाली. त्या भरतीला वेगळी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांची यादी लागते. शाळा-शाळांनी वाटलेल्या गुणांवर अशी यादी लावली तर कुणाचा नंबर लागेल ते मी सांगायला नको.

---

जुनी_फाईल

अवांतर: गावाकडे कित्येकांच्या जन्मतारखेचा एकमेव धड पुरावा म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. नोकरी असो नाहीतर पेन्शन, ऑफिसात पहिला प्रश्न "दहावीचं सर्टिफिकेट आहे का?" हाच येतो. परीक्षा बंद करायची तर या कागदाची जागा दुसरा कुठला कागद घेणार ते आधी ठरवावं लागेल.

---

दूरदेशी

इंग्लंडमध्ये राहतो म्हणून तिथला एक अनुभव. २०२०ला तिथेही ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजानं ग्रेड दिल्या. त्या फुगलेल्या असणार म्हणून नियामक संस्थेनं एक गणिती सूत्र लावलं, ज्यात त्या शाळेचा मागच्या वर्षांचा निकाल धरला होता. परिणाम काय, तर शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी सुमारे ४० टक्के खाली आल्या. जिथे एखाद्या विषयाला मोजकीच मुलं होती तिथे शिक्षकांच्याच ग्रेड धरल्या गेल्या, आणि अशा छोट्या तुकड्या प्रामुख्यानं खाजगी शाळांत असतात. म्हणजे साध्या सरकारी शाळेतल्या हुशार मुलाला त्याच्या शाळेच्या जुन्या निकालानं खाली ओढलं. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारनं निर्णय फिरवला.

आपल्याकडचा आणि तिथला प्रसंग शेजारी ठेवून बघा. आपण शाळांवर पूर्ण विश्वास टाकला तेव्हा सगळेच पास झाले. त्यांनी शाळांवर अविश्वास दाखवला तेव्हा मुलाला शाळेच्या नावावरून मोजलं. मधला मार्ग शोधायला निघालं की पुन्हा एका समान पेपरापाशीच यावं लागतं, असं मला वाटतं.

फिनलंडचं उदाहरण कुणीतरी देईलच म्हणून आधीच लिहितो. तिथे शाळा संपेपर्यंत मुलांवर राष्ट्रीय परीक्षा लादत नाहीत, हे खरं आहे. पण उच्च माध्यमिक संपताना मॅट्रिक्युलेशनची परीक्षा असतेच. आणि तिथला शाळाशिक्षक पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असतो, त्याच्या मूल्यमापनावर समाजाचा विश्वास असतो. तो विश्वास आधी कमवायचा आणि मग परीक्षा काढायची, असा क्रम हवा.

---

कोरा_फळा

ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. बारावीचं काय झालं ते बघितलंत तर दहावीचं काय होईल ते कळेल.

अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी आता सीईटी किंवा जेईईवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते. वैद्यकीयला 'नीट' ही प्रवेश परीक्षा. म्हणजे बारावीच्या बोर्डाचं वजन आपण काढूनच घेतलंय. त्यामुळे मुलांवरचा ताण कमी झाला का? माझ्या वर्गात हजेरीपटावर ऐंशी मुलं आहेत, समोर पंधरा बसतात. बाकीची क्लासला. "इंटिग्रेटेड" नावाखाली अशी कॉलेजं निघाली आहेत की जिथे मुलगा फक्त प्रात्यक्षिकाला आणि परीक्षेला उगवतो. प्रयोगशाळेत मुलांना ब्युरेट धरता येत नाही, पण रसायनशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न चुटकीसरशी सोडवतात.

बोर्डाचा पेपर निदान पाठ्यपुस्तकावर असतो. पाठ्यपुस्तक खेड्यातल्या मुलाला मिळतं, मराठीत मिळतं, त्याच्या सरांनाही ते शिकवता येतं. प्रवेश परीक्षेची तयारी विकत घ्यावी लागते. तामिळनाडूनं याचा हिशेब मांडला होता. नीट आल्यावर तिथल्या वैद्यकीय प्रवेशांत ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचं प्रमाण घटलं, असं न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१च्या अहवालात आहे.

उद्या दहावीचा बोर्ड काढा. नामांकित कॉलेजं पुढच्याच वर्षी स्वतःची अकरावी प्रवेश परीक्षा काढतील, आणि सातवीपासून तिचे क्लास सुरू होतील. पाटीपेन्सिल ताईंच्या अभ्यासिकेतल्या मुलांचं तेव्हा काय होईल?

---

चंद्रकोर

सीबीएसईचंही आठवा. त्यांनी २०११ पासून दहावीचा बोर्ड ऐच्छिक केला होता. शाळेतल्या शाळेत परीक्षा, वर्षभराचं सातत्यपूर्ण मूल्यमापन वगैरे. माझी मोठी मुलगी त्यातून गेली. वर्षभर प्रकल्प चालायचे, ते आम्ही आईबाप रात्री जागून करायचो, थर्माकोल कापत. २०१८ला त्यांनी बोर्ड पुन्हा सक्तीचा केला. धाकट्यानं बोर्ड दिला. दोघांत निवड करायची तर मी धाकट्याचं वर्ष निवडेन, कारण त्यात निदान जे केलं ते त्यानं स्वतः केलं.

आता २०२६ पासून तिथे दहावीच्या दोन परीक्षा. पहिली सगळ्यांना सक्तीची, दुसरीत तीन विषयांपर्यंत गुण सुधारायची सोय. हे मला पटलंय.

---

शेवटचा_बाक

रात्री लिहिते म्हटलं होतं, उशीर झाला.

@पाटीपेन्सिल, तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. अशी मुलगी प्रत्येक शिक्षिकेनं बघितलेली असते. आता जे लिहिते आहे ते तिच्या दुःखाला छोटं करायला नाही.

तिचं गणित खरंच कच्चं होतं का, हे परीक्षेनं सांगितलं. ते सांगणं परीक्षेचं कामच आहे. पण "ही मुलगी नापास" हे वाक्य परीक्षेनं बोलायचं काहीच कारण नव्हतं. पाच विषयांत पास आणि एकात कच्ची, असं असताना आपण तिच्या अख्ख्या दहावीवर एक शेरा मारला आणि तिच्या आईनं तोच ऐकला. तिच्या हातात मराठी इतके, इतिहास इतके, विज्ञान इतके, गणित अजून बाकी, असा कागद असता तर? घरात दुसरी चर्चा झाली असती असं छातीठोकपणे नाही म्हणता येत. पण तुम्हाला भांडायला काहीतरी हातात मिळालं असतं. मला पास-नापास का नको, ते यासाठी.

विषमतेबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. पेपर एकच असला तरी तयारी सारखी नसते. मात्र पेपर काढून टाकला म्हणून तयारी सारखी होणार नाही. ती विषमता फक्त दिसेनाशी होईल. आज निदान दिसतं की अमुक तालुक्यात गणितात इतकी मुलं गेली, तिथे शिक्षकाची जागा रिकामी होती. सगळ्यांना अठरा आणि एकोणीस मिळायला लागले की त्या रिकाम्या जागेबद्दल कुणाला जाबही विचारता येणार नाही. आणि "आठवीपर्यंत मोकळं ठेवलं" म्हणताना आठवीपर्यंत त्यांना वाचता येतंय का हे नीट कुणी बघितलं नाही, हेही धरा. 'असर' या ग्रामीण भागातल्या शिक्षण-पाहणीत पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. त्या मुलाची अडचण दहावीत तयार होत नाही, दहावीत ती आपल्याला नाइलाजानं बघावी लागते.

सुरी म्हणालात, ती मात्र बोथट करता येते. वर्षातून दोनदा, तीनदा पेपर ठेवावेत. मुलाची ज्या विषयाची तयारी झाली तो त्यानं द्यावा. गुण जमा होत जावेत. भाषेचा पेपर नोव्हेंबरात, गणिताचा मार्चमध्ये देऊ दे ना. अकरावीच्या जागा राज्यात दहावी उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, दरवर्षी लाखो रिकाम्या राहतात. कट-ऑफची मारामारी मोजक्या कॉलेजांपुरती आहे आणि तिच्यासाठी पंधरा-सोळा लाख मुलांना एकाच महिन्यात एकाच दाव्याला बांधतो आपण.

एक अडचण मलाही सुटलेली नाही. वर्षातून तीनदा परीक्षा म्हणजे तीनदा केंद्रं, तीनदा भरारी पथकं, तीनदा पेपर तपासणी, आणि त्या काळात वर्गात शिकवणार कोण? परीक्षेच्या कामांसाठी स्वतंत्र मनुष्यबळ दिलं नाही तर ही योजना शिक्षकांच्याच डोक्यावर येईल आणि एका वर्षात बारगळेल.

---

पाटीपेन्सिल

पास-नापासचा शेरा जावा, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. बाकीचं पटलेलं नाही.

वर्षातून तीन संधी ठेवल्या तरी त्या घ्यायला मुलीला घरातून सोडलं पाहिजे. फॉर्म भरायला कुणी शाळेत गेलं पाहिजे, फी भरली पाहिजे. ज्या घरात शिकलेलं माणूस आहे ते तिन्ही संधी वापरतील. आमच्या वस्तीत पहिली हुकली की संपलं. संधी वाढल्या की अंतर आणखी वाढेल, अशी मला भीती आहे.

बॅच_एकवीसचा प्रतिसाद मात्र मी दोनदा वाचला. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाहीये.

---

टिपकागद

शाळेत लिपिक आहे, दहावीचे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात. एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पाटीपेन्सिल, ती मुलगी एकाच विषयात गेली होती ना? मग ती त्याच वर्षी अकरावीत बसू शकत होती. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत आहे, तो विषय पुढे सोडवता येतो. म्हणजे नियमानं तिचं शिक्षण थांबलेलंच नव्हतं. गुणपत्रिका वाटताना खिडकीवर एखाद्या आईला हे समजावून सांगायला कुणी नसतं. गर्दी असते, पेढे वाटले जात असतात, आणि राहिलेली मुलं गुणपत्रिका घेऊन लवकरात लवकर बाहेर पडतात. बरीचशी तर न्यायलाच येत नाहीत.

पुरवणी परीक्षेचा फॉर्मही शाळेतूनच भरावा लागतो आणि ती खिडकी निकालानंतर थोडेच दिवस उघडी असते. उन्हाळ्याची सुट्टी, मुलं गावाला गेलेली, आईबाप कामावर. आमच्याकडे दोन वर्षांपासून आम्ही असं करतो की ऑनलाइन निकाल लागला त्याच दुपारी राहिलेल्या मुलांची यादी काढतो, वर्गशिक्षक आणि मी फोन करतो, फोन लागला नाही तर शिपायांना घरी पाठवतो. एटीकेटी मिळेल का, पुरवणीला बसायचं का, फीचं काय, तिथेच बोलणं होतं. ज्यांना फी जमत नाही त्यांची माजी विद्यार्थी भरतात. पूर्वी राहिलेल्यांपैकी मोजकीच पुन्हा बसायची, आता बहुतेक बसतात.

बोर्डाला एकच विनंती करावीशी वाटते. राहिलेल्या विषयाचा फॉर्म आपोआप भरला जावा, पहिल्या वेळी फी घेऊ नये, आणि ज्याला बसायचं नाही त्यानं तसं कळवावं. आज उलट आहे, बसायचं असेल त्यानं धावपळ करायची.

---

पाटीपेन्सिल

@टिपकागद, एटीकेटीचं मला माहीत नव्हतं. तिच्या आईला तर नव्हतंच. तुमच्या विनंतीवर सही करायला मी तयार आहे. परीक्षा असावी की नसावी यावरचं माझं मत बाजूला ठेवून.

यंदा आमच्या अभ्यासिकेतली अकरा मुलं दहावीला आहेत. निकालाच्या दिवशी फोनवर काय बोलायचं, कुठले कागद लागतात, ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

---

टिपकागद

व्यनि केला आहे. गुणपत्रिकेची प्रत आणि आधार हाताशी ठेवा. एटीकेटीनं अकरावीला बसवायचं असेल तर आमच्याकडे प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्यांत नंबर लागतो, म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून कुणाला परत फिरू देऊ नका.